रसायनाने कुठे थांबायचे?

प्रयोगशाळेचा कागद टेबलावर येतो आणि बैठकीतले चेहरे पडतात. समजा, कारखान्याच्या सांडपाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला 8,000 मिलिग्रॅम होता आणि बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) 800. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड हे रसायन घालून चाचणी घेतली, आठवडाभर खपून नमुने तपासले, आणि आता सीओडी आहे 5,600, बीओडी 2,240. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं रसायन ओतून तीसच टक्के उतरला?" दुसरा त्याहून जोरात येतो: "आणि बीओडी तर जवळजवळ तिप्पट झाला! आपण पाणी साफ करतोय की घाण करतोय?" अशा बैठकांना मी बसलो आहे. चाचणी फसली असे ठरते, फाइल बंद होते आणि मंडळी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राच्या मागे लागतात.

माझे म्हणणे असे की त्या कागदावर चांगली बातमी होती आणि ती कुणाला वाचता आली नाही. हे वाचता न येणे फक्त एका कारखान्यापुरते राहत नाही. सांडपाण्याचे नियम लिहिणारे, यंत्रणा विकणारे, विकत घेणारे आणि तपासायला येणारे, सगळ्यांच्याच वाचनात हा दोष आहे, आणि त्याची किंमत प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे मोजतात.

हे दोन आकडे नेमके काय सांगतात ते आधी पाहू. सीओडी काढताना पाण्याचा नमुना डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्लात दोन तास उकळतात. त्या आगडोंबात जवळपास प्रत्येक सेंद्रिय पदार्थ जळतो, आणि तो जळायला किती ऑक्सिजन लागला असता, हा झाला सीओडी. बीओडी काढताना तोच नमुना जिवाणूंच्या हवाली करतात. 20 अंश सेल्सिअसला, अंधारात, पाच दिवस बाटली ठेवायची आणि त्यांनी किती ऑक्सिजन वापरला ते मोजायचे. म्हणजे पहिला आकडा सांगतो, पाण्यात एकूण जळण किती आहे. दुसरा सांगतो, त्यातले जिवाणूंच्या तोंडी लागेल असे किती आहे. बीओडीला सीओडीने भागले की मिळणारे गुणोत्तर आपल्या उदाहरणात सुरुवातीला 0.1 होते, असे पाणी जिवाणूंपुढे ठेवले तर ते तोंड फिरवतात. प्रक्रियेनंतर ते 0.4 झाले, आणि 0.4 च्या आसपासचे पाणी जिवाणू नीट हाताळू शकतात. बीओडी वाढला तो घाण वाढल्यामुळे नव्हे. जी घाण जिवाणूंना चावता येत नव्हती तिचे तुकडे झाले, म्हणून वाढला. पाणी अजून अस्वच्छच आहे, पण आता ते स्वच्छ होऊ शकते.

जिवाणूंच्या ताकदीबद्दल मला शंका नाही. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी एक साधी गोष्ट केली. सांडपाण्यात हवा सोडली की ते हळूहळू स्वच्छ होते हे तोपर्यंत माहीत होते, पण त्याला आठवडे लागत. त्यांनी प्रत्येक खेपेला खाली बसलेला गाळ फेकून न देता तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी घेतले. गाळात जिवाणूंची संख्या वाढत गेली, आणि आठवड्यांचे काम 24 तासांच्या आत होऊ लागले. आजही जगभरच्या बहुतेक प्रक्रिया केंद्रांचा कणा हाच आहे: हवा, टाकी, आणि परत आणलेला गाळ. शंभर वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. ऑक्सिजन हवेतून येतो, कामगार स्वतःच वाढतात, आणि शिकतातही. महिनाभर फिनॉल हे विषारी सेंद्रिय रसायन थोडे थोडे देत गेले तर तोच गाळ फिनॉलला सरावतो.

पण जिवाणूंची एक मर्यादा आहे. त्यांची विकरे (एन्झाइम) म्हणजे विशिष्ट कुलपांच्या किल्ल्या. क्लोरीनचे अणू लावलेली कार्बनची वलये, नायट्रो गट अडकवलेली वलये, काही रंगद्रव्ये, काही कीटकनाशके, औषधनिर्मितीतून उरलेले मोठे रेणू, यांतल्या बऱ्याच कुलपांना किल्लीच नसते किंवा ती फार सावकाश फिरते. काही पदार्थ तर जिवाणूंनाच मारतात. मग टाकीत हवा सोडली जाते, मीटर फिरतो, विजेचे बिल येते, आणि पाणी जसे आत आले तसे बाहेर जाते. अशा वेळी 'खास जिवाणूंच्या' पुड्या विकणारे येतात. विशिष्ट पदार्थ खाणारे जिवाणू असतात हे खरे आहे. पण टाकीत त्यांना इतरांशी झुंजावे लागते, आणि त्यांचे खाणे तिथे सातत्याने मिळाले नाही तर काही दिवसांत ते गाळासोबत वाहून जातात. पुडी संपली की पुन्हा पुडी.

दुसऱ्या बाजूला रसायन आहे. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी 1894 साली दाखवले की लोहाच्या क्षाराचा अंश असला की हायड्रोजन पेरॉक्साइड टार्टरिक आम्लावर झपाट्याने क्रिया करतो; लोह आणि पेरॉक्साइडच्या या पद्धतीला त्यांच्याच नावाने 'फेंटन' म्हणतात. त्यात नेमके काय घडते याचा उलगडा करणारी मांडणी हाबर आणि वाइस यांनी 1934 साली केली: पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे रेणूचा एक अतिशय क्रियाशील तुकडा, तयार होतो. या मूलकाची ऑक्सिडीकरणाची ताकद सुमारे 2.8 व्होल्ट. ओझोनची 2.07, क्लोरीनची 1.36. तो जन्मतो आणि क्षणाच्या सूक्ष्म अंशात शेजारी जे सापडेल त्यावर तुटून पडतो. त्याला किल्ली लागत नाही, तो दारच फोडतो.

प्रयोगशाळेत ही क्रिया एकदा डोळ्यांनी पाहावी. बीकरमध्ये लिटरभर गडद पाणी घ्या आणि आम्ल घालून पीएच 3 च्या आसपास आणा. त्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट टाका. फिकट हिरवट खडे विरघळतात. मग पेरॉक्साइड थेंबाथेंबाने. दोन-तीन मिनिटांत पाणी काळपट होते, बारीक बुडबुडे वर येऊ लागतात आणि काचेला हात लावला तर ऊब जाणवते. तासाभराने तो गडदपणा ओसरून तांबूस रंग उरतो. चुना घालून पीएच 8 कडे नेला की गंजाच्या रंगाचे पुंजके तयार होतात आणि जड पावलांनी खाली बसतात. वरचे पाणी नितळ. हे पाहिल्यावर कुणालाही वाटेल की मग थांबायचे कशाला, आणखी पेरॉक्साइड घालू आणि सगळेच जाळून टाकू. चूक नेमकी इथे होते.

हायड्रॉक्सिल मूलक निवड करत नाही असे म्हणतात, पण वेगात मोठा फरक पडतो. फिनॉलवर तो ज्या वेगाने तुटून पडतो, त्याच्या तुलनेत अॅसिटिक आम्लावरचा वेग सुमारे 400 पटींनी कमी आहे. मोठी वलये फुटत फुटत शेवटी फॉर्मिक, अॅसिटिक, ऑक्झॅलिक अशी छोटी आम्ले उरतात, आणि तिथे रसायनाची धार बोथट होते. ऑक्झॅलिक आम्ल तर लोहालाच घट्ट मिठी मारून बसते. जो उत्प्रेरक काम करणार, त्यालाच बांधून टाकते. शेवटचा प्रत्येक टक्का उतरवायला आधीच्या टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइड लागते. आणि हीच छोटी आम्ले जिवाणूंच्या सर्वांत आवडीची. अॅसिटिक आम्ल तर त्यांच्या रोजच्या चयापचयाच्या मधोमध बसते. त्यासाठी कसलीही खास किल्ली लागत नाही. एकाचे पाऊल जिथे अडखळते तिथून दुसऱ्याची धाव सुरू होते. या दोन पद्धतींचा असा जोड निसर्गाने आयता आणून दिला असताना आपण त्यांची भांडणे लावत बसतो याचे मला फार वाईट वाटते.

हिशोबही पाहा. 1 ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड फार तर 0.47 ग्रॅम ऑक्सिजनचे काम करते. म्हणजे 1 किलो सीओडी पूर्ण जाळायला, एक थेंबही वाया गेला नाही असे धरले तरी, सुमारे 2.1 किलो पेरॉक्साइड हवे. 8,000 सीओडीच्या एक घनमीटर पाण्यात 8 किलो सीओडी असतो. तो सगळा जाळायचा तर 17 किलो शुद्ध पेरॉक्साइड, बाजारात मिळणाऱ्या 50 टक्के तीव्रतेचे 34 किलो. दिवसाला 100 घनमीटर पाणी असेल तर रोज 3.4 टन. शिवाय त्यासोबत लागणारे लोह, आणि प्रत्येक किलो लोहामागे जवळपास 1.9 किलो कोरडा हायड्रॉक्साइडचा गाळ. आता 5,600 वर थांबलो तर काय? जाळले फक्त 2.4 किलो, म्हणजे त्याच 50 टक्के पेरॉक्साइडचे साधारण 10 किलो. प्रत्यक्षात दोन्हीकडे काही वाया जाईलच. उरलेले काम हवेवर चालणारे जिवाणू करतील. हा फरक बारीकसारीक बचतीचा नाही. यंत्रणा रोज चालणार की तपासणीच्या आदल्या दिवशी चालणार, ते यावर ठरते. परवडत नाही ती यंत्रणा रात्री बंद पडते, हे या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अवघड सांडपाण्यात रसायनाचे काम सुरुवात करून देण्याचे आहे, शेवट करण्याचे नाही. ते कुठे थांबवायचे, हा खरा तांत्रिक प्रश्न आहे, आणि सार्वजनिक धोरणाचाही.

याला विरोध करणारे दोन प्रकारचे आहेत. पहिले म्हणतात, रसायनाची घाण काढायला आणखी रसायन कशाला? त्यांची कळकळ मला समजते. पण पेरॉक्साइड फुटून शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरतो, आणि जिवाणूंना न पचणारे पाणी 'नैसर्गिक' पद्धतीने टाकीत फिरवून सोडून देणे हे निसर्गावर केलेले उपकार नव्हेत. दुसऱ्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि मी तो गंभीरपणे घेतो: अर्धवट जाळलेला पदार्थ मूळ पदार्थापेक्षा घातक निघाला तर? हे घडते. फिनॉलचे ऑक्सिडीकरण होताना वाटेत बेंझोक्विनोन तयार होते, आणि ते फिनॉलपेक्षा कितीतरी विषारी आहे. नेमके तिथे थांबलात तर रोग परवडला पण औषध नको अशी गत होईल. पण यातून निघणारा धडा 'अर्ध्यावर थांबू नका' असा नाही. थांबण्याची जागा फक्त सीओडीच्या आकड्यावरून ठरवता येत नाही, हा तो धडा आहे. तेच पाणी थोडे पुढे नेले तर बेंझोक्विनोनचे वलयही फुटते, मॅलेइक आम्ल आणि पुढे छोटी आम्ले होतात, आणि विषारीपणा उतरतो. ही जागा शोधायची तर जिवाणूंनाच विचारायला हवे.

विचारायचे कसे, तर पद्धत साधी आहे. टाकीतला ताजा, जिवंत गाळ लिटरभर घ्या, त्यात भरपूर हवा मुरवा, हवा बंद करा, झाकण लावा आणि ऑक्सिजन मोजणारी कांडी आत सोडून आकडा किती वेगाने उतरतो ते पाहा. मग त्यात प्रक्रिया केलेले पाणी ठरावीक मापाने घालून पुन्हा पाहा. आकडा जास्त वेगाने उतरला तर जिवाणू जेवायला बसले. वेग तोच राहिला तर त्यांनी पाण्याकडे पाहिलेही नाही. वेग मंदावला तर ते आजारी पडत आहेत. अर्ध्या तासात उत्तर मिळते. बीओडीची बाटली पाच दिवसांनी बोलते, तोवर ते पाणी कुठल्या कुठे गेलेले असते. सावकाश विघटन होणाऱ्या पदार्थांसाठी 28 दिवसांपर्यंत चालणारी झान-वेलन्स चाचणी आहे. यंत्रणा उभारण्याआधी ती एकदा करायलाच हवी. पण रोजच्या कामाला हे अर्ध्या तासाचे भांडे पुरते. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी चाचणी फार थोड्या ठिकाणी रोज होते, ही खेदाची गोष्ट आहे.

जोडणीत घात होतो तो बहुधा सांध्यावर. एका ठिकाणी मी हे जवळून पाहिले. रासायनिक टाकीतून पाणी घाईने पुढे सोडले गेले आणि त्यात पेरॉक्साइड शिल्लक होते. हवेच्या टाकीवर पांढरा, बारीक फेस चढला. विरघळलेल्या ऑक्सिजनचा, म्हणजे डीओचा, आकडा एरवी लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास असायचा, तो चढत चढत 8 च्या वर गेला. पाळीवरच्या मुलाने वहीत लिहिले, "डीओ उत्तम." त्याची चूक नव्हती; आकडा जास्त म्हणजे चांगला, एवढेच त्याला शिकवलेले. पेरॉक्साइड गाळात फुटून ऑक्सिजन सुटत होता आणि तो घ्यायला जिवाणू उरत नव्हते. सकाळी मोजपात्रात गाळ घेतला तर अर्ध्या तासात खाली बसायचा तो वरच तरंगत राहिला, बुडबुड्यांनी उचलून धरलेला. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी देठावर झुलणाऱ्या, तोंडाशी भोवरा करणाऱ्या व्हॉर्टिसेला दिसायच्या. त्या दिवशी होत्या, पण हलत नव्हत्या. टाकी पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले. आणि हे सगळे टळले असते ते एका कागदी पट्टीने. पेरॉक्साइड शिल्लक असेल तर पट्टी निळी पडते, नसेल तर पांढरी राहते.

याच शिल्लक पेरॉक्साइडचा आणखी एक खेळ आहे. ते डायक्रोमेटही खाते आणि सीओडीचा आकडा फुगवते: लिटरला 1,000 मिलिग्रॅम पेरॉक्साइड उरले तर सीओडी सुमारे 470 ने जास्त दिसतो. मग सीओडी उतरला नाही म्हणून आणखी पेरॉक्साइड घातले जाते, आकडा आणखी फुगतो, आणखी घातले जाते. हे दुष्टचक्र मी एकाहून जास्त वेळा पाहिले आहे. नमुना तपासण्याआधी उरलेले पेरॉक्साइड मारणे हे प्रयोगशाळेत अंगवळणी पडायला हवे.

माणसांच्या जिवाची गोष्ट तर यापेक्षा मोठी आहे, आणि तांत्रिक चर्चेत ती तळटीपेतही येत नाही. फेंटनसाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते. त्या पाण्यात सल्फाइड असेल तर आम्ल पडताच हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, सायनाइड असेल तर हायड्रोजन सायनाइड. दोन्ही वायू मिनिटांत माणूस मारतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडका वास जास्त प्रमाणात असला तर नाक बधिर होऊन जाणवेनासाही होतो. पाण्यात काय आहे हे न पाहता आम्लाची नळी उघडायला लावणे म्हणजे माणसाला डोळे बांधून विहिरीच्या काठावर चालवणे होय. 50 टक्के पेरॉक्साइड कातडीवर पडले तर कातडी क्षणात पांढरी पडते आणि आग होते. डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. या पद्धतीची बाजू मी मांडतो आहे, म्हणूनच हे लपवणार नाही. ज्याच्या हातात हे काम आहे त्याला प्रशिक्षण, चष्मा, हातमोजे, वायुमापक आणि धोका वाटला तर काम थांबवण्याचा अधिकार नसेल, तर ती यंत्रणा बसवूच नये.

आधी रसायन आणि मग जिवाणू, हा क्रमही देवाने लिहून दिलेला नाही. पाण्यात सहज पचणारे पदार्थ भरपूर असतील तर आधी ते जिवाणूंना खाऊ द्यावेत. नाहीतर महागडे मूलक साखरेसारख्या सोप्या पदार्थांवर खर्च होतात. कचऱ्याच्या डेपोतून झिरपणारे पाणी याचे चांगले उदाहरण. डेपो नवा असताना त्या पाण्यातले बीओडी-सीओडी गुणोत्तर 0.5 च्या वर असते, तेव्हा जिवाणूच पुढे हवेत. डेपो जुना झाला की ते 0.1 च्या खाली येते, कारण सोपे होते ते सारे खाऊन झालेले असते आणि उरते ते चिवट. तेव्हा रसायनाची पाळी. एकाच जागेच्या पाण्याला काळाप्रमाणे क्रम बदलावा लागतो. कित्येकदा जिवाणू, मग रसायन, मग पुन्हा जिवाणू अशी तिहेरी वाटही घ्यावी लागते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी कुठे पकडायचे. कारखान्यात बहुतेक चिवट घाण एकदोन भांड्यांतून, थोड्याशा पाण्यात येते. ते धुण्याच्या, थंड करण्याच्या, संडासाच्या पाण्यात एकत्र केले की थोडे अवघड पाणी खूपशा मध्यम पाण्यात बुडते. मग मूलकाला हवा तो रेणू सापडत नाही. मधे बायकार्बोनेट भेटतो, क्लोराइड भेटतो, आणि ते त्याला गिळतात. एक टाकी, एक पंप, एक वेगळी नळी, एवढ्यावर रसायनाचा खर्च उतरू शकतो, पण नळी वेगळी टाकायची तर ती कारखाना बांधताना टाकावी लागते. नंतर फरशी कोण फोडणार?

रंग घालवण्यासाठी हायपोक्लोराइट ओतण्याच्या प्रथेबद्दल मी मवाळ राहू शकत नाही. रंग जातो, पाहणारा समाधानी होतो, आणि सेंद्रिय पदार्थ तिथेच राहतो, वर क्लोरीन लावून घेऊन. क्लोरीन आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मिळून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात हे 1974 पासून जगाला माहीत आहे. क्लोरीन चिकटलेले रेणू जिवाणूंना आणखी अवघड जातात. म्हणजे जो जोड साधायचा तोच तुटतो. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता विकत घेऊन न दिसणारे विष पुढे ढकलणे याला प्रक्रिया म्हणू नये.

चांगली उदाहरणे समोर आहेत. स्वित्झर्लंडने शहरी सांडपाण्यातली औषधे आणि इतर सूक्ष्म प्रदूषके काढण्यासाठी निवडक मोठ्या केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कार्बन बसवण्याचा मार्ग कायद्याने घालून दिला. ड्यूबेनडॉर्फच्या नॉयगुट केंद्रात 2014 मध्ये ओझोनची पूर्ण क्षमतेची यंत्रणा सुरू झाली. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती ओझोननंतरची पायरी. तिथे ओझोननंतर पाणी वाळूच्या, जिवंत थर असलेल्या गाळणीतून जाते, कारण ओझोनने फोडलेले तुकडे खायला पुन्हा जिवाणू हवेतच. ओझोनलाही त्याची जोखीम आहे: पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार होते, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम सुचवली आहे. म्हणून आधी पाणी तपासून मगच ओझोनचा निर्णय होतो. युरोपीय संघाच्या 2024 च्या नव्या निर्देशात तर या जादा पायरीच्या खर्चाचा किमान 80 टक्के वाटा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला आहे. ज्याने कुलूप बनवले त्यानेच ते फोडण्याचा खर्च द्यावा, हे मला न्याय्य वाटते.

या जोडीला सगळे साधते असा दावा मी करत नाही. मीठ जाळता येत नाही आणि खाताही येत नाही. फेंटननंतर तर सल्फेट वाढते. जड धातूंसाठी वेगळा उपाय लागतो. लोहाच्या गाळाची विल्हेवाट जबाबदारीने लावावी लागते. हे प्रश्न खरे आहेत, पण सेंद्रिय विषाच्या बाबतीत हात बांधून बसायला ते निमित्त होऊ नयेत.

नियमांत माझी पहिली मागणी एका रकान्याची आहे. आज परवानगीच्या कागदावर शेवटच्या नळाचा सीओडी आणि बीओडी असतो. त्या दोन आकड्यांवर नजर असली की कारखाना त्या दोन आकड्यांसाठीच धावतो: कुणी पातळ करतो, कुणी रंग उडवतो, कुणी सगळे जाळायला जाऊन महिन्याभरात थकतो. रासायनिक पायरीच्या आधी आणि नंतर जिवंत गाळाने किती वेगाने ऑक्सिजन घेतला, तो आकडा कागदावर यायला हवा. शेवटच्या पाण्यावर मासे किंवा पाणपिसवांवरची विषारीपणाची चाचणी हवी, कारण सीओडी नियमात बसणारे पाणीही मारू शकते. आणि दोन टाक्यांच्या मधल्या झडपेपाशी शिल्लक पेरॉक्साइडची नोंद प्रत्येक पाळीला हवी, वेळेसह आणि सहीसह. ती सही साहेबाची नको. रात्री दोन वाजता पट्टी पाण्यात बुडवून ती पांढरी राहिली हे ज्याने पाहिले, त्याची हवी. पट्टी निळी पडली तर झडप बंद ठेवण्याचा अधिकार त्याला त्याच कागदाने दिलेला असावा, मग वरची टाकी भरून वाहायला आलेली असली तरी.